आरोग्य-विचार : पक्षाघात आणि मूलपेशींचा उपचार

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलेला असतो. घरांतील एखादें वडील माणूस पक्षाघातानें अंथरुणास खिळलेलें असतें. एक हात, एक पाय निर्जीव झालेला असतो. शब्द ओठांपर्यंत येऊन अडतात. अशा वेळीं कोणी स्नेही एक जाहिरात आणून देतो. 'मूलपेशी' टोचल्यानें मेलेला मेंदू पुन्हा कामास लागतो, असें तींत लिहिलेलें असतें, आणि खर्च कांहीं लक्ष रुपये! घरांत लागलीच दोन तट पडतात. धाकटे चिरंजीव म्हणतात, "ठेवी मोडूं, प्रसंगीं गांवची जमीन काढूं, पण दादांना उठवूं." थोरले म्हणतात, "आधीं नीट चौकशी करूं." आणि जिच्या हातून रोजची सारी शुश्रूषा होत असते, त्या सूनबाईस कोणी विचारीतच नाहीं.

या वादांत धाकट्यांचें प्रेम अधिक व थोरल्यांचें कमी, असें मुळींच नसतें. अडचण असते ती माहितीची. हा उपचार खरोखर काय आहे, त्याच्या कसोट्या कोठें कोठें झाल्या आणि त्यांतून काय निष्पन्न झालें, हें घरांत कोणासच ठाऊक नसतें. म्हणून या अंकीं त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

रोगाचें स्वरूप

पक्षाघात झाला म्हणजे आपल्याकडे 'अंगावरून वारें गेलें' असें म्हणतात. पण वारें अंगावरून जात नाहीं. सारा बिघाड मेंदूंत होतो. मेंदूस रक्त पुरविणाऱ्या वाहिनींत गुठळी अडकली, तर तिच्या पुढील भागास रक्त मिळेनासें होतें; शंभरांतील सुमारें ऐंशीं ते पंचाऐंशीं पक्षाघात या प्रकारचे असतात. उरलेल्यांत वाहिनी फुटून मेंदूंत रक्तस्राव होतो. मेंदूच्या डाव्या अर्धाकडे शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार असतो व उजव्याकडे डाव्या बाजूचा. म्हणून बिघाड एकीकडे व लुळेपणा दुसरीकडे, असें दिसतें.

मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटि मज्जापेशी असतात. मोठी वाहिनी गुठळीनें बंद झाली, तर दर मिनिटास सरासरीनें सुमारें १९ लक्ष पेशी मरतात, असा हिशेब अमेरिकेंतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनीं २००६ सालीं मांडला. मात्र सर्व पेशी एकदम मरत नाहींत. मधला गाभा प्रथम मरतो. त्याच्या सभोंवतीं एक पट्टा कांहीं तास मूर्च्छित स्थितींत तग धरून असतो. या पट्ट्यास वेळेवर रक्त मिळालें तर तो वांचतो. गाभा एकदां मेला कीं त्या जागीं पुढें पाण्यानें भरलेली एक पोकळी राहते. पहिल्या तासांतील उपचार असतात ते या मूर्च्छित पट्ट्यासाठीं. मूलपेशीवाल्यांचा मोठा दावा असतो तो मेलेल्या गाभ्याविषयीं. हा भेद ध्यानांत ठेवावा.

याहूनहि महत्त्वाची एक गोष्ट वाचकांनीं मनांत पक्की धरावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे. पक्षाघाताचे पुष्कळ रोगी कांहीं अंशीं आपोआपच सुधारतात. मेंदूची सूज उतरते. शेजारचे शाबूत भाग मेलेल्या भागाचें थोडें थोडें काम उचलूं लागतात. ही सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगानें होते व पुढें मंदावते.

मूलपेशी म्हणजे काय ?

आपल्या शरीरांतील बहुतेक पेशींचा धंदा ठरलेला असतो. यकृताची पेशी यकृताचेंच काम करते, त्वचेची त्वचेचें. ज्या थोड्या पेशींचा धंदा अद्याप ठरलेला नसतो, ज्या स्वतःसारख्या आणखी पेशी निर्माण करतात व प्रसंगीं एखादा विशिष्ट धंदाहि पत्करतात, त्यांस मूलपेशी किंवा इंग्रजींत 'स्टेम सेल' असें म्हणतात. एखाद्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार असावा, तशी ही पेशी होय.

ही कल्पना पोकळ नाहीं. १९६१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें जेम्स टिल व अर्नेस्ट मॅक्कुलक यांनीं उंदरांवरील प्रयोगांत अस्थिमज्जेंतील अशा पेशींचें अस्तित्व प्रथम नीट दाखविलें. अस्थिमज्जेचें रोपण करून रक्ताचे रोग बरे करण्याची विद्या डॉ. डॉनल थॉमस यांनीं सिद्ध केली व त्यांना १९९० चें नोबेल पारितोषिक मिळालें. या उपचारानें रक्ताच्या कर्करोगाचे हजारों रोगी वांचले आहेत. १९९८ मध्यें अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें जेम्स थॉमसन यांनीं मानवी गर्भाच्या अगदीं प्रारंभींच्या अवस्थेंतून मूलपेशी वेगळ्या काढल्या. २००६ मध्यें जपानांत क्योतो येथें शिन्या यामानाका यांनीं उंदराच्या त्वचेची पेशी उलट फिरवून तिला मूलपेशीची अवस्था आणून दिली; पुढच्याच वर्षीं मानवी पेशींवरहि हें साधलें. त्यांना व जॉन गर्डन यांना मिळून २०१२ चें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

तेव्हां सुशिक्षित मनुष्यास प्रश्न पडतो कीं, रक्ताच्या रोगांत जें साधलें तें मेंदूंत कां साधूं नये ? उत्तर पेशींच्या स्वभावांत आहे. रक्ताची पेशी ही वाटसरू आहे. ती एकटी वाहत जाते. शेजाऱ्याशीं तिचा कायमचा संबंध नसतो. मज्जेंत बीज रुजलें व नवें रक्त तयार होऊं लागलें कीं काम झालें. मेंदूची पेशी मात्र संसारी आहे. एकेका पेशीचे हजारों पेशींशीं धागे जुळलेले असतात, आणि ते जुळविण्यांत बालपणापासूनचें सारें शिक्षण खर्चीं पडलेलें असतें. जळून गेलेल्या टेलिफोन-केंद्रांत नव्या तारेचीं भेंडोळीं नेऊन टाकलीं, म्हणून कोणाचा टेलिफोन कोणास लागत नाहीं.

आशेचीं वर्षें

तरीहि प्रयोग करून पाहणें हेंच शास्त्राचें काम, व तें पुष्कळ ठिकाणीं झालें. २००० सालीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें पक्षाघाताच्या १२ रोग्यांच्या मेंदूंत प्रयोगशाळेंत तयार केलेल्या पेशी सोडल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. २००५ मध्यें दक्षिण कोरियांत ३० रोग्यांपैकीं पांच जणांना त्यांच्याच अस्थिमज्जेंतून वाढविलेल्या पेशी शिरेंतून देण्यांत आल्या. स्कॉटलंडांत ग्लासगो येथें डॉ. कीथ म्यूर यांच्या देखरेखीखालीं २०१० मध्यें एका प्रयोगास आरंभ झाला. त्यांत ११ पुरुषांच्या मेंदूंत पेशी घातल्या व त्याचा वृत्तांत २०१६ मध्यें आला. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड येथील डॉ. गॅरी स्टाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १८ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या रोग्यांना पक्षाघात होऊन सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. म्हणजे आपोआप होणारी सुधारणा बहुतेक संपलेली होती. तरीहि त्यांत सुधारणा दिसून आली, आणि वर्तमानपत्रांतून या वार्तेचा मोठा गाजावाजा झाला.

आजच्या जाहिराती याच वर्षांच्या पुण्याईवर जगतात. पण हे प्रयोग मुख्यतः पेशी दिल्यानें लागलीच अपाय होतो कीं नाहीं, एवढें पाहण्यासाठीं होते. मूठभर रोगी, आणि बहुतेक प्रयोगांत तुलनेस कोणीच नाहीं. कोरियांतील प्रयोगांत तुलना होती, पण उपचार झाला पांचांवरच.

तुलना कोणाशीं ?

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडते, ही म्हण आपल्या घरांत मुलांनाहि ठाऊक असते. वैद्यकांत तिचें महत्त्व फार मोठें आहे. पक्षाघात झाल्यावर तिसऱ्या आठवड्यांत रोग्यास पेशी दिल्या आणि तिसऱ्या महिन्यांत तो काठी टेकून चालूं लागला. तर हें पेशींमुळें झालें, कीं पेशी न देतांहि झालेंच असतें? त्या एका रोग्याकडे कितीहि वेळ पाहत बसलें तरी याचें उत्तर मिळणार नाहीं. शिवाय उपचार करणारीं केंद्रें पेशींबरोबर कसून व्यायामहि करवितात. आणि ज्या घरानें ठेवी मोडलेल्या असतात, त्या घरच्या डोळ्यांना तसूभर सुधारणाहि हातभर दिसते. हा कोणाचा अप्रामाणिकपणा नव्हे; मनुष्यस्वभावच असा आहे.

यावर शास्त्राचा उपाय सोपा आहे. सारख्या स्थितींतील पुष्कळ रोगी घ्यावे, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट करावे, एकास उपचार द्यावा व दुसऱ्यास देऊं नये किंवा नुसता दिखाऊ उपचार द्यावा; आणि कोण कोणत्या गटांतील हें ठाऊक नसलेल्या परीक्षकाकडून शेवटीं मोजदाद करवावी. मूलपेशींस हा तराजू लावला तेव्हां काय झालें तें पाहूं.

पहिला दाखला आपल्याच देशांतील आहे व तो अभिमानास्पद आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील डॉ. कामेश्वर प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पांच केंद्रांतून १२० रोग्यांवर असा प्रयोग केला व २०१४ मध्यें त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पक्षाघातानंतर मध्यमानानें साडेअठराव्या दिवशीं, रोग्याच्याच अस्थिमज्जेंतून काढलेल्या सरासरीं २८ कोटि पेशी शिरेंतून दिल्या. सहा महिन्यांनीं स्नान, भोजन, चालणें इत्यादि नित्यकर्में रोगी कितपत स्वतः करूं शकतो, याला शंभरपैकीं गुण दिले. पेशी दिलेल्या गटाची सरासरी ६३.१, न दिलेल्यांची ६३.६ ! अपाय झाला नाहीं. उपायहि झाला नाहीं. ज्यांना पेशी दिल्या नव्हत्या तेहि तितकेच सुधारले होते. एखाद्या केंद्रानें केवळ पहिल्या गटाचेंच वर्णन छापलें असतें, तर तें वाचून कोणाहि सुज्ञास हा चमत्कारच वाटला असता.

दुसरा दाखला स्टॅनफर्डच्या त्या १८ रोग्यांच्या पुढचा. त्याच पेशींची १६३ रोग्यांवर कसोटी घेण्यांत आली. कांहींच्या मेंदूंत पेशी घातल्या. उरलेल्यांच्या कवटीवर शस्त्रक्रियेचा नुसता देखावा केला, म्हणजे आपणांस काय मिळालें हें रोग्यासहि कळूं नये. जानेवारी २०१९ मध्यें संबंधित कंपन्यांनीं जाहीर केलें कीं, ठरविलेलें मुख्य उद्दिष्ट साध्य झालें नाहीं.

तिसरा दाखला जपानचा. तेथें २०६ रोग्यांवर पक्षाघातानंतर १८ ते ३६ तासांच्या आंत, निरोगी दात्याच्या मज्जेपासून तयार केलेल्या पेशी देऊन प्रयोग केला व त्याचा निष्कर्ष २०२४ मध्यें आला. तीन महिन्यांनीं उत्तम सुधारलेले रोगी पेशी दिलेल्यांत शेंकडा ११.५ निघाले व न दिलेल्यांत ९.८. एवढा फरक केवळ योगायोगानेंहि पडूं शकतो. कोरियांत २००५ मध्यें ज्या पद्धतीनें आशा दाखविली होती, तिच्या पुढील मोठ्या प्रयोगाचाहि निष्कर्ष २०२१ मध्यें आला. मुख्य कसोटींत दोन गटांमध्यें फरक नव्हता.

कोणी म्हणेल, हा तराजूच कठोर; त्यावर कोणतेंच औषध उतरणार नाहीं. तसें नाहीं. गुठळी विरघळविणारें औषध याच तराजूवर १९९५ मध्यें ६२४ रोग्यांच्या प्रयोगांत उतरलें. रक्तवाहिनींतून बारीक नळी नेऊन गुठळी बाहेर ओढून काढण्याची युक्ति हॉलंडमध्यें ५०० रोग्यांवर तपासली, तेव्हां तीन महिन्यांनीं स्वावलंबी झालेले रोगी उपचार केलेल्यांत शेंकडा सुमारें ३३ निघाले व न केलेल्यांत १९. हा निष्कर्ष २०१५ चा. जें खरें असतें तें या तराजूवर दिसतें.

पेशी जातात कोठें ?

अपयशाचीं कारणें शास्त्रज्ञांनीं पुष्कळ शोधलीं आहेत. शिरेंतून दिलेल्या पेशींचा मोठा भाग प्रथम फुप्फुसांच्या सूक्ष्म वाहिन्यांतच अडकून राहतो. मेंदूपर्यंत अल्पांशच पोंचतो. जो पोंचतो त्यांतील फारच थोड्या पेशी टिकतात. अस्थिमज्जेंतून थेट काढलेल्या पेशींत तर खऱ्या मूलपेशींचा अंश अगदींच लहान असतो. आणि ज्या प्रकारच्या मज्जापेशी मेंदूंत मेलेल्या असतात, त्या अस्थिमज्जेच्या पेशींतून तेथें जाऊन तयार होतात, असा पुरावा नाहीं.

मग त्यांचा उपयोग तरी काय ? सध्यांचें मत असें आहे कीं, या पेशी कांहीं द्रव्यें स्रवतात व त्यांनीं दाह शमण्यास आणि नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटण्यास मदत होते. म्हणजे या पेशी नवीन वीट होऊन भिंतींत बसत नाहींत. फार तर गवंड्याच्या हाताखालीं कांहीं काळ राबून निघून जातात. अमेरिकेंतील आर्नल्ड कॅप्लन यांनीं १९९१ मध्यें या जातीच्या पेशींस मूलपेशी हें नांव रूढ केलें. २०१७ मध्यें त्यांनींच तें नांव बदलावें असा लेख लिहिला, कारण त्या नांवामुळें लोकांचा भलताच समज होतो, असें त्यांस वाटलें. ज्यानें बारसें केलें तोच नांव बदला म्हणतो, यावरून काय तें समजावें.

आणखी एक गोष्ट. प्रयोगशाळेंतील उंदरांवर हे उपचार पुष्कळदां यशस्वी ठरले आहेत. पण तो उंदीर तरुण, निरोगी व मोजून आणलेल्या पक्षाघाताचा असतो. आपले आजोबा सत्तरीचे, वीस वर्षांचे मधुमेही व रक्तदाबाचे जुने रोगी असतात. एकावरून दुसऱ्याचें अनुमान करणें धाडसाचें आहे.

विनापरवाना उपचाराचा धोका

"गुण नाहीं तर नाहीं, पण अवगुण तरी काय ? करून पाहण्यास काय हरकत ?" असें पुष्कळ सुशिक्षितहि म्हणतात. त्यांच्यासाठीं एक हकीकत सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंतील एका ६६ वर्षांच्या गृहस्थास पक्षाघातानें पंगुत्व आलें होतें. चीन, अर्जेंटिना व मेक्सिको येथें जाऊन त्यांनीं पाठीच्या कण्याभोंवतींच्या द्रवांत वेळोवेळीं पेशी टोचून घेतल्या. पुढें त्यांचे पाय अधिकच गेले, वेदना सुरू झाल्या, व तपासणींत पाठीच्या कण्यांत एक मोठी वाढ आढळली. तींतील पेशी बहुतांशीं त्यांच्या स्वतःच्या नव्हत्याच, परक्या माणसाच्या होत्या ! २०१६ मध्यें एका मान्यवर अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत ही हकीकत प्रसिद्ध झाली. उमेदवार पेशीचा गुण तो हाच कीं ती वाढते. पण कोठें थांबावें हें तिला कळलें नाहीं, तर तोच तिचा अवगुण होतो. देखरेखीखालच्या प्रयोगांत असे प्रकार विरळा, कारण तेथें पेशी कोणती, किती, कशी शुद्ध केलेली, याचा हिशेब असतो. जेथें हिशेब मागणाराच कोणी नाहीं, तेथील गोष्ट वेगळी.

आपल्या देशांत याविषयीं नियम स्पष्ट आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषद् व केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनीं २०१७ मध्यें काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें, रक्ताच्या कांहीं मान्य रोगांतील अस्थिमज्जा-रोपण सोडल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगाबाहेर रोग्यास मूलपेशी देणें अनैतिक ठरविलें आहे. पक्षाघात त्या मान्य रोगांत नाहीं. म्हणून कोणीं हा उपचार सुचविला तर घरच्या कर्त्या माणसानें चार प्रश्न लेखी विचारावे. हा प्रयोग आहे कीं उपचार ? प्रयोग असेल तर भारताच्या राष्ट्रीय नोंदवहींत त्याची नोंद आहे काय, व तिचा क्रमांक काय ? कोणत्या नीति-समितीनें परवानगी दिली ? आणि प्रयोग आहे तर पैसे कशाचे ? खऱ्या प्रयोगांत प्रयोगाच्या औषधाबद्दल रोग्याकडून मोल घेत नाहींत. उलट अपाय झाल्यास भरपाई देण्याची तरतूद असते. या चारांपैकीं एकाचेंहि उत्तर टाळलें, तर उठून घरीं यावें. उत्तरें समाधानकारक मिळालीं व रोग्याची स्वतःची इच्छा असली, तर अशा प्रयोगांत भाग घेणें हें चांगलेंच काम आहे. त्यांतूनच उद्यांचें खरें औषध निघेल.

घरानें काय करावें ?

सर्वांत मोठा उपाय पहिल्या तासांत असतो, आणि तोच आपल्या घरांतून पुष्कळदां हुकतो. तोंड एका बाजूस वांकडें झालें, एक हात उचलला असतां खालीं पडूं लागला, बोलणें अडखळूं लागलें किंवा असंबद्ध झालें, तर घड्याळ पाहावें व ती वेळ लिहून ठेवावी. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि जेथें सी. टी. स्कॅनची व पक्षाघाताच्या उपचाराची सोय चोवीस तास असेल अशाच रुग्णालयांत न्यावें. गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. गुठळी ओढून काढण्याचा उपचार निवडक रोग्यांत चोवीस तासांपर्यंतहि करतात. "थोडें पडूं द्या, सकाळीं पाहूं" या वाक्यानें जितके हात-पाय गेले असतील, तितके कोणत्याहि औषधाच्या अभावानें गेले नसतील. तेल चोळीत बसूं नये. तोंडांत पाणी, चहा, काढा घालूं नये, कारण गिळण्याची शक्ति गेलेली असल्यास तो श्वासनलिकेंत जातो. आपल्या बुद्धीनें अस्पिरिनहि देऊं नये; रक्तस्रावाचा पक्षाघात असेल तर तें घातक होतें, आणि गुठळी कीं रक्तस्राव हें तपासणीवांचून कळत नाहीं.

तें संकट टळल्यावर व्यायामाचा काळ येतो. अगदीं पहिल्या चोवीस तासांत फार घाई करून रोग्यास उठवूं-चालवूं नये, असें २०१५ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगांत दिसून आलें. नंतर मात्र फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याप्रमाणें नित्य श्रम घ्यावे. वेग पहिल्या महिन्यांत अधिक असला, तरी पुढें दार बंद होतें असें नाहीं. अमेरिकेंत २२२ रोग्यांवर केलेल्या व २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिने लोटलेल्यांचा चांगला हात जागेपणीं बहुतेक वेळ मोज्यांत अडकवून ठेवला व दुर्बळ हाताकडूनच दोन आठवडे कामें करवून घेतलीं. तुलनेच्या गटापेक्षां त्यांच्या दुर्बळ हातांत स्पष्ट सुधारणा झाली. ही पद्धति ज्यांच्या मनगटांत व बोटांत थोडी तरी हालचाल उरली आहे त्यांच्यासाठींच आहे. पण पाहा, येथेंहि काम केलें तें मेंदूंत आधींपासून असलेल्या पेशींनींच. वाचा गेलेल्या रोग्यास वाचा-उपचारकाकडे न्यावें. सुमारें तिघांत एका रोग्यास पुढें विषण्णता येते. तिला हट्ट किंवा आळस न समजतां डॉक्टरांस सांगावें.

एकत्र कुटुंबांच्या दृष्टीनें आणखी एक प्रयोग महत्त्वाचा आहे. भारतांतील १४ रुग्णालयांतून १,२५० रोग्यांवर तो झाला व २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला. एका गटांत घरच्या माणसास व्यायाम शिकवून तो घरीं त्याच्याकडूनच करविला. दुसऱ्यास नेहमींचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनीं मृत किंवा परावलंबी असलेल्यांचें प्रमाण दोन्ही गटांत शेंकडा ४७ निघालें. जो तराजू आपण महागड्या पेशींस लावला, तोच घरच्या सेवेसहि लावला पाहिजे, म्हणून हा निष्कर्ष येथें लपविलेला नाहीं. घरच्या प्रेमानें तज्ज्ञाची जागा भरून निघत नाहीं. म्हणून जो पैसा पेशींकडे जाणार होता, त्यांतील थोडा तरी नियमित फिजिओथेरपीकडे जावा, असें आमचें मत आहे. पण या निष्कर्षाचा दुसराहि एक अर्थ आहे. सासऱ्यांचा हात सहा महिन्यांतहि उठला नाहीं, म्हणून "हिनें व्यायाम नीट करविला नाहीं" असें जें सूनबाईबद्दल दबल्या आवाजांत बोललें जातें, त्यास कांहींच आधार नाहीं. तसेंच पेशींवर पैसा खर्च न करणारा मुलगा कर्तव्यास चुकला, असेंहि नाहीं. रोगी किती उठेल हें मुख्यतः पहिल्या दिवशीं मेंदूचा किती भाग गेला त्यावर अवलंबून असतें. शुश्रूषेची पाळी मात्र घरांतील सर्वांनीं, पुरुषांनींहि, वाटून घ्यावी. रोगी एक आणि झिजणारीं माणसें दोन, असें होऊं देऊं नये.

ज्याला एकदां पक्षाघात झाला त्याला पुन्हा होण्याची भीति असते. रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांकडे लक्ष ठेवणें, आणि डॉक्टरांनीं दिलेली रक्त पातळ ठेवणारी गोळी मनानें बंद न करणें, यानें ती पुष्कळ कमी होते. यांतील रक्तदाबाविषयीं, विशेषतः घरीं तो बिनचूक कसा मोजावा व आपल्या लोणचीं-पापडांतील मिठाचा त्याशीं काय संबंध, याविषयीं पुढील अंकीं विचार करूं.